कोकणातल्या पारलिंगी कथांचा संग्रह काढायचा असेल तर

पारलिंगी, म्हणजे ट्रान्स, लेखकांच्या कथांचा संग्रह काढू या असं चारचौघांत ठरलं, की दुसऱ्या दिवसापासून मुखपृष्ठाची चर्चा सुरू होते. नाव काय द्यायचं, प्रस्तावना कोणाची घ्यायची, प्रकाशनाला कोणाला बोलवायचं. कथा मात्र कोणाच्या तरी फोनमध्ये पडून राहतात. खरं काम त्या कथांचं असतं आणि त्यातलं बरंचसं कंटाळवाणं असतं. असं पुस्तक पहिल्यांदाच करायला बसलेल्यांसाठी हे टिपण.

मराठीत पारलिंगी माणसांची आत्मकथनं आली, कविता आल्या, मुलाखती तर भरपूर आल्या. कथा कमी आल्या. कारण पारलिंगी माणूस लिहायला बसला की त्याच्याकडे ‘तुमची खरी कहाणी’ मागितली जाते, रचलेली गोष्ट कोणी मागत नाही. संग्रह काढणाऱ्याने ती मागायची असते. लेखकाने किती सोसलं याचा हिशेब संपादकाने ठेवायचा नाही, कथा किती चांगली रचली आहे तेवढं बघायचं. पुढच्या सगळ्या सूचना, परवानगीच्या कागदापासून मुद्रितशोधनापर्यंत, या एका भूमिकेतून आल्या आहेत.

आधी हद्द आखा

कथा मागवण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढा आणि सगळ्यांनी त्याला होकार द्या. नंतर भांडणं होतात ती याच तीन गोष्टींवरून.

पहिली: लेखक पारलिंगी हवा, की विषय पारलिंगी असला तरी चालेल? पहिल्या संग्रहात लेखकच हवा असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरून सहानुभूतीने लिहिलेल्या कथांना जागा मिळतच असते. पण लेखक हवा म्हटलं की ‘कशावरून?’ असं विचारणारा एखादा निघतोच. पुरावा मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र सरकारी कामाला लागत असेल, कथेला लागत नाही.

दुसरी: कोकण म्हणजे कोण? वेंगुर्ल्यात राहणारा लेखक चालेलच, पण देवगडहून विरारला गेलेली, भाड्याच्या खोलीत राहून लिहिणारी? दोघांनाही घ्या. निम्मं कोकण चाकरमानी आहे, आणि पारलिंगी माणसांपैकी कित्येकांना तर गाव सोडूनच नाव बदलता आलं.

तिसरी: फक्त कथा. रोजनिशी नको, कविता नको, ‘माझा प्रवास’ नको. कोणी अनुभव लिहून पाठवलाच तर आदराने परत करा, आणि यातून गोष्ट होईल का असं विचारून बघा.

उपशीर्षकात तृतीयपंथी लिहायचं, पारलिंगी की ट्रान्स, यावर एकमत होत नाही. मुखपृष्ठावर बहुमताने ठरवा. आतल्या परिचयात ज्याने त्याने स्वतःसाठी जो शब्द निवडला असेल तोच ठेवा, मग तो हिजडा असला तरी.

कथा गोळा करणं

गणपती, शिमगा आणि मे महिना, या काळात कोकणात कोणाकडूनही काही लिहून मिळत नाही. मे महिन्यात घर माणसांनी भरलेलं असतं, आणि जिथे आंबा आहे तिथे श्वास घ्यायला वेळ नसतो. पावसाळा उत्तम. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर शाकारल्या जातात, पाहुणे येत नाहीत. वीज जाते, पण फोनवर लिहिणाऱ्याला त्याची सवय असते. मुदत गणपतीच्या पंधरा दिवस आधीची ठेवा.

शब्दमर्यादा २,००० ते ५,००० ठेवली की हिशेब सोपा जातो. डेमी आकाराच्या पानावर साधारण २८० मराठी शब्द बसतात. सरासरी ३,००० शब्दांच्या १२ कथा म्हणजे १३० च्या आसपास पानं. त्यात श्रेयपान, अनुक्रमणिका आणि परिचय धरले की १४४, म्हणजे १६ पानी नऊ फर्मे बरोबर. फर्मा अर्धवट राहिला तरी कागदाचे पैसे पूर्ण जातात, म्हणून हे गणित सुरुवातीलाच करून ठेवा.

एकमेकांना पाठवून फिरलेल्या कथेच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. कोणी शेवट बदललेला असतो, कोणी गावाचं नाव काढलेलं असतं. प्रत फक्त लेखकाकडूनच घ्या, तारखेसह. दुसऱ्या कोणी ‘माझ्याकडे आहे ती पाठवते’ म्हटलं तर गोड बोलून नको म्हणा.

आणखी एक अडचण रोमन लिपीची. बरेच जण फोनवर मराठी रोमनमध्ये लिहितात. ‘गेला’ आणि ‘गेलं’ हे दोन शब्द तिथे बहुधा एकसारखेच टाइप होतात. देवनागरीत आणताना अंदाज बांधू नका. लेखकाला पूर्ण कथा मोठ्याने वाचून आवाजात पाठवायला सांगा आणि ते ऐकत अक्षरजुळणी करा. वेळ जातो खरा, पण पुढे संपादनात याचा किती उपयोग होतो ते दिसेलच.

परवानगी लेखी घ्या

आपल्या माणसांत वाचायला दिलेली कथा छापायला दिलेली नसते. स्वामित्व हक्क कायदा १९५७ प्रमाणे कथा लिहून झाली की हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तो लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. टोपणनावाने छापलेलं आणि खरा लेखक उघड न झालेलं लेखन असेल, तर प्रकाशनानंतर ६० वर्षं.

‘सर्व हक्क संपादकाधीन’ असलं वाक्य छापखान्याच्या जुन्या नमुन्यांत तयारच असतं. ते उचलू नका. हक्क विकत न घेता वापराची परवानगी घ्या, आणि ती कशाची हे मोजून लिहा: हीच कथा, याच संग्रहात, मराठीत, छापील आणि ई-बुक, भारतात, तीन वर्षं, आणि या काळात लेखक ती कथा दुसरीकडेही देऊ शकतो. मुदत लिहायची राहिली तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहायचा राहिला तर भारत धरतो. श्राव्य पुस्तक आणि भाषांतर यांचे कागद वेळ येईल तेव्हा वेगळे करा. आणि काहीही लिहून घेतलं तरी कलम ५७ प्रमाणे कथेवर आपलं नाव लागण्याचा आणि ती विद्रूप होऊ न देण्याचा लेखकाचा हक्क राहतोच.

कागदात हेही असू द्या: फाइल छपाईला जाईपर्यंत कथा मागे घेता येईल, कारण सांगावं लागणार नाही. हे वाक्य वाचून नवीन संपादक घाबरतात, सगळेच मागे हटले तर काय म्हणून. पण दार उघडं आहे हे माहीत असलं की माणूस निवांत बसतो.

सही कोणत्या नावाने? दोन कागद करा. एकावर टोपणनाव आणि अटी, दुसऱ्यावर टोपणनाव आणि कायदेशीर नाव यांची जोडणी. दुसरा कागद एकाच माणसाकडे, कागदावरच. फोनमध्ये त्याचा फोटो नको.

पहिला निरोप कसा पाठवायचा, हेही अनेकांना कळत नाही. फार पाल्हाळ नको. ‘नमस्कार. तुमची खाडीवरची कथा आम्ही वाचली. ती आमच्या संग्रहासाठी विचारात घ्यावी असं वाटतं. तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू, आणि बोलायचं झालं तर कधी फोन केलेला चालेल?’ इतकं पुरे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. घरातला फोन भावाने उचलला आणि तुम्ही ‘ताई आहेत का’ असं विचारलंत, तर त्या घरात पुढे काय होईल हे तुम्हाला ठाऊक नसतं. काहींना घरी दादा आणि आपल्या माणसांत ताई असं जगावं लागतं. कोणत्या वेळी कोणती हाक, हे नावापुढे लिहूनच ठेवा.

लेखक हयात नसेल तर परवानगी वारसांकडून घ्यावी लागते, आणि कायद्याने वारस ठरणारे लोक त्यालाच घराबाहेर काढणारेही असू शकतात. कधीकधी त्यांच्याकडे जाण्यापेक्षा कथा सोडलेली बरी. जे हयात आहेत त्यांना मात्र सांगा की लेखनाचे हक्क मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येतात. त्याला मुद्रांक कागद लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात.

ओळख

कोकणात माणूस शोधायला पत्ता लागत नाही. आडनावावरून गाव कळतं, गावावरून वाडी, आणि वाडीत कोणाचा मुलगा मुंबईहून तीन वर्षं आला नाही हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्यामुळे टोपणनाव घेतलं म्हणजे झालं असं समजू नका. लेखक झाकला जातो आणि कथा त्याला उघडं पाडते. पालखीचा मान कोणत्या घराण्याकडे, विहीर कोणाच्या परड्यात, गाव सोडून गेलेला काका कुठे नोकरीला होता, असल्या दोन तपशिलांवरून तिठ्यावरच्या हॉटेलात बसलेली माणसं घर सांगतील.

उपाय लेखकासोबत बसून शोधायचा. आडनाव काढून टाकलं तर बऱ्याच कथांचं काही बिघडत नाही. दोन गावं मिसळून एक गाव करता येतं. खाडीकाठची गोष्ट सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, नेली तर मात्र बहुतेक वेळा ती मरते, कारण भरती-ओहोटीवरच तिचं सगळं चाललेलं असतं. तिथे नात्यात बदल करा: मामाचा आतेभाऊ होऊ दे, शिक्षिकेची नर्स. बदल झाल्यावर त्या तालुक्यातल्या एकाला कथा वाचायला द्या आणि हे कोणाबद्दल असेल असं विचारा. तो वाचक कोण, हे लेखकाने ठरवायचं.

कथेत दुसरीही माणसं असतात. मैत्रीण, गुरू, एखादा अजून कोणालाच न सांगितलेला मित्र. लेखकाने स्वतःला उघड केलं म्हणून त्यांनाही उघड करता येत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे, आणि बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचारून घ्यायलाच हवं.

आता ज्या जागांकडे कोणाचं लक्ष जात नाही त्या. वर्डच्या फाइलमध्ये माहितीच्या कप्प्यात लेखकाचं जुनं नाव बसलेलं असतं, शेऱ्यांच्या चौकटींतही ते दिसतं. छपाईला किंवा वाचकांना पाठवण्याआधी ते पुसा. सगळ्यांसाठी एकच सामाईक फाइल उघडून दिलीत तर प्रत्येकाचं ईमेलचं नाव प्रत्येकाला दिसतं. यूपीआयने मानधन पाठवताना बँकेतलं नाव समोर येतं, म्हणून पैसे पाठवणारा माणूस एकच असावा, जोडणीचा कागद ज्याच्याकडे आहे तोच. आणि लेखकाच्या प्रती पोस्टाने पाठवताना पाकीट साधं, आतलं नाव बाहेर न दिसणारं. पाकिटावर कोणतं नाव घालायचं ते आधी विचारा. खेड्यातला पोस्टमन वाईट नसतो, पण पाकीट त्याच्या हातातून चार हातांत जातं.

निवड

कथांवरची नावं काढा, क्रमांक घाला. तीन वाचक पुरतात. एक पारलिंगी समाजातला, एक स्वतः कथा लिहिणारा, आणि एक केवळ वाचणारा. हा तिसरा सहज सापडतो. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे, सावंतवाडीत श्रीराम वाचन मंदिर आहे. अशा ठिकाणी आठवड्याला दोन पुस्तकं बदलून नेणारी माणसं असतात, आणि त्यांना कंटाळा आला की ती स्पष्ट सांगतात. तिघांनी वेगवेगळं वाचावं, प्रत्येक कथेवर चार ओळी लिहाव्यात, गुण देऊ नयेत. गुण दिले की सरासरी निघते, आणि सरासरीत कोणाचीच नावडती नसलेली कथा वर येते. मला विचाराल तर एकाने ‘हीच पाहिजे’ आणि दुसऱ्याने ‘अजिबात नको’ म्हटलेली कथा आधी हातात घ्यावी.

नंतर कोणाच्या तरी पडवीत बसून उरलेल्या कथांचं पहिलं पान मोठ्याने वाचा. संवाद खोटा असेल तर वाचणाऱ्याच्या तोंडातच अडकतो.

काही गोष्टी हमखास येणार. आरशासमोरचा प्रसंग. आईची साडी. एसटी स्टँडवरची टाळी. शेवटी विहीर किंवा समुद्र. यांत चूक काही नाही, ज्याच्या त्याच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच घडलेलं असतं. पण एका पुस्तकात पाच साड्या आल्या तर वाचक पाचवीला मोजत बसतो. सगळ्यात चांगली एक ठेवा. मरणाबाबत मी जरा कडक आहे. पारलिंगी नायिका मेली की वाचक हळहळतो, परीक्षकही हळहळतात, आणि कथा कच्ची असली तरी निभावून जाते. ते मरण कथेतून आलं आहे, की शेवट सुचला नाही म्हणून आलं आहे, हे नीट तपासा.

दशावतारातल्या स्त्रीपार्ट्याची आणि शिमग्यात बाईच्या वेशात नाचणाऱ्या गोमूची कथाही येणारच. इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. रात्रभर द्रौपदी करणारा कलावंत सकाळी लुगडं सोडून काजूच्या बागेत कामाला जातो. तो पारलिंगी आहे असं कोणी परस्पर ठरवू नये. पण त्या एका रात्रीसाठी वर्षभर वाट बघणाऱ्या माणसाची कथा असू शकते, आणि ती मोठी असू शकते. रंग उतरवल्यावर लेखकाकडे सांगायला काही उरलं आहे का, तेवढं बघा.

ज्या कथा आपोआप येत नाहीत त्या मागून घ्या. कोकणात गजाली सांगणाऱ्यांची कमी नाही, मग संग्रहात विनोदी कथा का नसावी? देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदार भुताची, कथा चालेल, त्याला वाटसरूच्या लिंगाशी काही देणंघेणं नसतं. सातबाऱ्यावरच्या नावांची कथा तर इथे घरोघरी आहे. सामाईक जमीन, सतरा वाटेकरी, आणि त्यातला एक वाटेकरी आता वेगळ्या नावाने आणि वेगळ्या कपड्यांत तलाठ्यासमोर उभा आहे: यात भाऊबंदकी आहे, विनोद आहे, कायदा आहे, आणि एकही आरसा नाही. नायिका पारलिंगी आहे पण तिची अडचण हापूसवरच्या तुडतुड्यांची आहे, अशी कथा आली तर तिला डोक्यावर घ्या.

शरीरसंबंधांचं वर्णन असलेली कथा केवळ त्यासाठी नाकारू नका. न्याय संहितेच्याच अश्लील पुस्तकांबद्दलच्या कलम २९४ मध्ये साहित्यासाठी अपवाद आहे. मात्र १८ वर्षांखालच्या पात्राबाबत असं वर्णन घ्यायचंच नाही, आणि या नियमावर चर्चाही ठेवायची नाही.

नाकारलेल्या प्रत्येक कथेला उत्तर द्या, त्या कथेबद्दलच्या दोन नेमक्या ओळींसह. ‘आपल्या लेखनास शुभेच्छा’ एवढंच पाठवणं हे न पाठवण्यापेक्षा वाईट.

संपादन: क्रियापदाला हात लावू नका

इतर कुठलं कथांचं पुस्तक आणि हे पुस्तक यांत संपादकाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक क्रियापदात आहे. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हटल्याशिवाय साधं घराबाहेर पडता येत नाही. पहिल्या पानावर ‘गेलो’ म्हणणारं पात्र नवव्या पानावर ‘गेले’ म्हणतं, आणि मुद्रितशोधक इमानदारीने ते दुरुस्त करून टाकतो. कथा तिथेच संपली. कारण बदल कोणत्या वाक्यात झाला, हेच लेखकाने महिनाभर बसून ठरवलेलं असतं.

म्हणून प्रत्येक कथेसोबत लेखकाकडून एक छोटा तक्ता घ्या. कोणतं पात्र स्वतःबद्दल कोणतं रूप वापरतं, आई त्याच्याशी कसं बोलते, मित्र कसे बोलतात, निवेदक कसा बोलतो, आणि हे कुठे बदलतं. आई शेवटपर्यंत ‘आलास का रे’ म्हणत राहते आणि एका ठिकाणी ‘आलीस?’ म्हणते, तर ती वेलांटी सोन्याची आहे. तक्ता मुद्रितशोधकाच्या हातात द्या, आणि त्याच्याविरुद्ध काही दिसलं तर खूण करावी, दुरुस्ती करू नये, असं बजावा.

काही लेखक लिंग मुद्दाम उघड करत नाहीत, आणि मराठीत त्याला वाटा आहेत. ‘मी जाईन’ यात लिंग नाही. ‘मी दार उघडलं’ यात क्रियापद दारामागे जातं. ‘मला हसू आलं’ यातही बोलणारा झाकलेला राहतो. अशा वाक्यांवर उभी असलेली अख्खी कथा जरा अडखळत चालल्यासारखी वाटते, आणि संपादकाचा हात ‘मी हसले’ लिहायला शिवशिवतो. आवरा. काही जण पात्रासाठी आदरार्थी ‘ते’ वापरतात, तेही तसंच राहू द्या.

मालवणीची तर आणखी गंमत. ‘तो येता, ती येता’: वर्तमानकाळात दोघांना एकच रूप. कोणी उत्साही संपादक संवाद प्रमाण मराठीत आणायला बसला, तर ‘येता’चं त्याला ‘येतो’ किंवा ‘येते’ करावंच लागतं, म्हणजे लेखकाने न घेतलेला निर्णय तो घेऊन मोकळा होतो. संवाद मालवणी असो, संगमेश्वरी असो, आगरी असो, आहे तसा छापा. नागपूरच्या वाचकाला एखादा शब्द अडला तर पानाखाली अर्थ द्या, तोही फार नको.

लेखनाचे सरकारमान्य नियम १९६२ चे आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घासाठी ते पाळावेत. पण निवेदन बोलीत असेल तर ‘गेलं’चं ‘गेले’ करण्याचा सोस नको. ‘ते पोर निघून गेलं’चं ‘गेले’ झालं की आधीच नाजूक असलेल्या वाक्यात आणखी एक लिंग आणि वचन घुसतं. फाँट बदलतानाही असाच घात होतो. काही छापखाने अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करतात. रूपांतरात अनुस्वार गळतात, ऱ्य आणि ॲ मोडतात. शक्यतो युनिकोडवरच राहा. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा किंवा मुक्ता यांसारखे फाँट मोफत मिळतात. मांडणीत भाषा मराठी निवडली आहे ना बघा, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे पडतात. शेवटचं प्रूफ लेखकाला दाखवल्याशिवाय छपाई नाही.

बाकीचं

अनुक्रम लावताना ‘कळलं, सांगितलं, शस्त्रक्रिया झाली’ अशी रांग लावू नका. पहिली कथा हलकी घ्या, सगळ्यात अवघड कथा तिसरी किंवा चौथी. प्रस्तावना दोन पानांची, आणि डॉक्टरांची नको. परिचय लेखकाने स्वतः लिहावा. जुनं नाव, शस्त्रक्रिया, घरच्यांची प्रतिक्रिया हे त्यात संपादकाने विचारायचं नाही. मुखपृष्ठावर अर्धा चेहरा पुरुषाचा आणि अर्धा बाईचा काढणाऱ्या चित्रकाराला चहा पाजून परत पाठवा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो. छापील आणि ई-बुकला वेगवेगळा क्रमांक लागतो. ‘आम्ही काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यांना देऊ नका. दोन-तीनशे प्रती असतील तर डिजिटल छपाई परवडते, त्यापुढे ऑफसेटचा भाव विचारा. सिंधुदुर्गातून कोल्हापूर जवळ पडतं, पण पावसात घाट बंद झाला तर गठ्ठे अडकतात, शिवाय दमट हवेत कागद फुगतो. छपाई दिवाळीनंतर घेतलेली बरी. आतला कागद ७० जीएसएमचा पुरतो, पण बांधणी नुसत्या डिंकाची करण्यापेक्षा शिलाईची करा. वाचनालयात पुस्तक दहा हातांत जातं.

प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत स्वखर्चाने पाठवणं १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांनाही. छोटे प्रकाशक हे टाळतात. तुम्ही टाळू नका, कारण शंभर वर्षांनी कोणी शोधायला आलं तर पुस्तक तिथे सापडेल.

प्रकाशन समारंभाला कोणाचा फोटो काढलेला चालतो आणि कोणाचा नाही, हे दारातच ठरू दे. स्थानिक वार्ताहर आपलीच माणसं असतात, आधी सांगितलं तर ऐकतात. ज्यांना मंचावर यायचं नाही त्यांच्या कथेतला उतारा दुसऱ्या कोणीतरी वाचावा. विक्रीसाठी गणपतीचे दिवस सगळ्यात चांगले. चाकरमानी येतात, परत जाताना पुस्तक घेऊन जातात, आणि गावात विकत घ्यायला लाजणारा माणूस कणकवली स्टेशनवर गाडीची वाट बघताना घेतो.

पुस्तक आल्यावर वर्षा-दोन वर्षांत एखादा लेखक नाव बदलून मागेल, किंवा कथा काढायला सांगेल. नोकरी लागलेली असते, कुठे लग्न ठरलेलं असतं, कोणाच्या घरी प्रत पोचलेली असते. ई-बुकमध्ये बदल त्याच आठवड्यात करा. छापील प्रती परत आणता येत नाहीत, हे परवानगीच्या कागदावर आधीच लिहिलेलं असू दे. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली, तर तीन वर्षांची मुदत उरलेली असली तरी प्रत्येकाला पुन्हा विचारा: नाव तेच ठेवायचं का, परिचय तोच का, आणि क्रियापदांच्या तक्त्यात काही बदलायचं आहे का.